घरात उलट्या-जुलाब, आणि वरच्या खोलीत तीन महिन्यांचं बाळ

पत्र असं आहे:

‘डॉक्टर, आमचं पुण्यात धायरीला एकत्र कुटुंब. माझी मुलगी पाच वर्षांची, सीनियर केजीत. मुलगा दीड वर्षाचा. जाऊबाईंचं बाळ तीन महिन्यांचं. बुधवारी मुलीला उलट्या सुरू झाल्या. तिच्या वर्गातली बरीच मुलं त्या आठवड्यात घरीच होती. शुक्रवारी मुलाला उलट्या-जुलाब दोन्ही. त्याला ओआरएस पाजलं की भळकन बाहेर. सासूबाई म्हणतात दूध बंद कर, अंगावरचंही तोड, नुसती पेज दे, जायफळ उगाळून चाटव. ह्यांचं म्हणणं, सरळ ॲडमिट करून सलाईन लावू. आदल्या रविवारी मी मुलांना भेळ खायला नेलं होतं, त्यानेच हे झालं असं रोज ऐकवतात ते वेगळंच. जाऊबाई बाळाला घेऊन वरच्या खोलीत जाऊन बसल्यात, एक फडकं हातात घेत नाहीत. नणंदेने जीबीएसच्या, म्हणजे हातपाय लुळे पडतात त्या आजाराच्या, बातम्या पाठवल्यात. आता सासूबाईंनाही मळमळतंय. मी दोन रात्री झोपलेली नाही. नक्की काय करू?’

पत्र आलं त्याच रात्री तुम्हाला चार ओळींत उत्तर पाठवलं होतं. पण अशी पत्रं थंडीत आणि पावसाळ्यात गठ्ठ्यानेच येतात, म्हणून इथे सविस्तर लिहिते. आधी मुलगा, मग बाकीचं घर.

ओआरएस भळकन बाहेर येतं त्यात बहुतेक वेळा ओआरएसचा दोष नसतो, पेल्याचा असतो. तहानलेलं मूल पेला तोंडाला लावून गटागटा पितं, चिडलेलं पोट एकदम ताणलं जातं आणि सगळं परत करतं. उलटी झाली की दहा मिनिटं काहीच देऊ नका. मग चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिली, दर दोन मिनिटांनी. घड्याळ समोर ठेवून. मूल रडेल, पेल्याकडे हात करेल. पेला त्याच्या नजरेआड ठेवा. हिशेब करा: तासाला ३० चमचे म्हणजे १५० मिली, आणि दीड वर्षाच्या पोराला ते चांगलंच उपयोगी पडतं. मेडिकलमधून सुई नसलेली ५ मिलीची सिरिंज आणलीत तर आणखी सोपं. मांडीवर उभट धरा, सिरिंजचं टोक गालाच्या आतल्या बाजूला, आणि हळूहळू सोडा. घरात जुनं बोंडलं असेल तर तेही चालेल, उकळून घ्या. मूल आडवं असताना मात्र तोंडात काही ओतायचं नाही.

मध्येच एखादी उलटी झाली तरी घाबरून थांबू नका. चादरीवर पसरलेली उलटी दिसते तेवढी नसते. पुन्हा दहा मिनिटं, पुन्हा चमचा. हे काम कंटाळवाणं आहे, एका माणसाचं नाहीच, आणि तुम्ही दोन रात्री एकटीने ते करताय हे मला पत्रात सगळ्यांत खटकलं. दोन-दोन तासांच्या पाळ्या लावा. ॲडमिट करायला तयार असलेल्या वडलांना रात्री दोन ते चार चमचा धरायला काहीच हरकत नसावी.

उलट्या मंदावल्या की प्रत्येक पातळ शीनंतर मुलाला ५० ते १०० मिली आणि मुलीला १०० ते २०० मिली ओआरएस, घोट घोट. मधल्या वेळात नेहमीचं उकळून गार केलेलं पाणी, पेज, ताक हवं तेवढं.

आता ओआरएसची पुडी. मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते, छोटी २०० मिलीसाठी. पुडीवर छापलेलं असतं, ते वाचा. मोठ्या पुडीतली चिमूटभर पावडर पेल्यात टाकून ‘अंदाजाने’ ढवळणं हा आपल्या घराघरातला प्रकार आहे आणि तो बंद व्हायला हवा. घट्ट झालं तर रक्तातलं मीठ वाढतं, पातळ झालं तर उपयोग होत नाही. एक लिटरची पाण्याची बाटली मापाला घ्या, अख्खी पुडी एकाच वेळी ओता, वरून साखर, ग्लुकोज पावडर, लिंबू काही नको. कालवलेलं पुन्हा उकळायचं नाही. २४ तासांनी उरलेलं मोरीत ओतायचं. पुडी मिळेपर्यंत एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हेही चालतं. पण पुडीत पोटॅशियम आणि सायट्रेट असतं, ते घरच्या मिश्रणात नसतं, तेव्हा पुडी आणायला कोणालातरी पिटाळाच.

आणि पुडीच आणायला सांगा. फळांच्या चवीचे, साखर ठासून भरलेले टेट्रापॅक वर्षानुवर्षं ‘ओआरएस’ नाव लावून मेडिकलमध्ये विकले जात होते. त्या साखरेने जुलाब वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांना हे नाव लावायला एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. तरी दुकानदाराने हातात काय ठेवलंय ते बघून घ्यावं.

ह्यांच्या सलाईनबद्दल. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ आली, सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून ड्रमच्या ड्रम भरले आणि नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. तिथे मृत्यूचं प्रमाण साधारण ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. तेही कॉलऱ्यात, जिथे काही तासांत माणूस कोरडा पडतो. त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं ते यासाठी. तेव्हा सलाईन म्हणजे ‘मोठा उपाय’ आणि पुडी म्हणजे ‘गरिबाचा उपाय’ हा समज आपण डॉक्टरांनी मोडायला हवा होता. आम्ही मात्र बाटली लटकवून तो वाढवला. दीड वर्षाच्या मुलाच्या हाताला शीर शोधायची म्हणजे दोन-तीन वेळा टोचणं आलं, आणि वॉर्डात शेजारच्या खाटेवर दुसरी एखादी साथ असतेच.

सलाईन लागतच नाही असं नाही. केव्हा लागतं ते नीट वाचा, आणि ह्यांनाही वाचायला द्या. सहा-आठ तासांत शू झालेली नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, डोळे खोल गेलेत, जीभ कोरडी आहे. पोटावरची कातडी दोन बोटांच्या चिमटीत धरून सोडली तर लगेच सपाट न होता हळू परत जाते. मूल आधी चिडचिडं होतं, पाण्यासाठी हपापलेलं असतं. त्यानंतर मलूल पडतं, हाक मारली तरी बघत नाही, प्यायलाही मागत नाही. आईला वाटतं, शांत झोपलाय, बरं वाटत असेल. हीच सगळ्यांत धोक्याची वेळ. यातलं काही दिसलं, किंवा शीमध्ये रक्त आलं, उलटी हिरवी झाली, पोट फुगून कडक झालं, झटका आला, किंवा चमच्याने दिलेलंही चार-सहा तास अजिबात ठरत नसेल, तर रात्र असो की पहाट, दवाखाना गाठा. गाडी नसेल तर १०८. तिथे वेळेवर दिलेल्या ओंडान्सेट्रॉनच्या एका डोसाने पुष्कळदा उलटी थांबते आणि सलाईन टळतं, पण तो निर्णय डॉक्टरांना मूल तपासून घेऊ द्या.

पातळ शी होत असली की डायपरमध्ये शू झाली की नाही हे कळतच नाही. डायपरच्या पुढच्या भागात कापसाचा जाडसर बोळा ठेवा आणि दर वेळी तो चाचपून बघा. किंवा दोन दिवस सरळ सुती लंगोट बांधा. फ्रिजवर एक कागद चिकटवा आणि शू झाली की वेळ लिहा. डॉक्टर ‘शेवटची शू कधी’ विचारतात तेव्हा घरातली चार माणसं चार उत्तरं देतात.

औषधांचं थोडक्यात. हा विषाणू आहे, अँटिबायोटिकचं काम नाही. मोठ्यांची जुलाब बंद करणारी गोळी अर्धी करूनसुद्धा मुलांना द्यायची नाही. आतडं सुस्तावतं, पोट फुगतं. ताप असेल तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक असलेलं औषध नको, अंगात पाणी कमी असताना मूत्रपिंडावर ताण येतो. दोन्ही मुलांना झिंक मात्र हवं: रोज २० मिग्रॅ, सलग १४ दिवस. गोळी चमचाभर पाण्यात विरघळते. सिरप असेल तर ५ मिलीत किती मिग्रॅ आहे ते बाटलीवर बघा, सगळ्या बाटल्या सारख्या नसतात. चौथ्या दिवशी शी घट्ट झाली की बाटली कपाटात जाते, असं करू नका. पुढचे दोन-तीन महिने पुन्हा जुलाब होण्याची शक्यता त्याने कमी होते. पुडी आणि झिंक दोन्ही सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, आशाताईंकडेही असतात.

सासूबाईंशी कसं बोलायचं, हा तुमचा खरा प्रश्न असावा. त्यांचं एक म्हणणं मी पूर्ण उचलून धरते: पेज. भाताची पेज मीठ घालून, मग गुरगुट्या भात, मुगाची मऊ खिचडी, मेतकूट-भात, ताक, केळं. त्या बऱ्या झाल्या की हे सगळं त्यांच्याकडे सोपवा, त्या तुमच्यापेक्षा चांगलं करतील. उपास नको, मूल मागेल तेव्हा द्या, थोडं थोडं. पण अंगावरचं दूध तोडायचं नाही, उलट जास्त वेळा पाजा. आजारी मुलाच्या पोटात सगळ्यांत चांगलं ठरतं ते तेच. वरचं दूधही सरसकट बंद करायची गरज नसते. जुलाब आठवड्याच्या पुढे गेले, शी फेसाळ आणि आंबूस वासाची झाली, शीची जागा लाल झाली, तर दूध काही दिवस कमी करण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. तोवर दही-ताक आहेच.

जायफळावर मात्र ठाम राहा. जायफळाने मुलाला गुंगी येते, जरा जास्त उगाळलं गेलं तर चांगलीच. वर लिहिलं तसं मूल मलूल पडणं ही पाणी संपत आल्याची खूण. आता ते जायफळाने पेंगतंय की पाणी कमी झाल्याने, हे ना तुम्हाला कळणार ना मला. सासूबाईंना ‘तुमचं चुकतंय’ म्हणू नका. ‘डॉक्टर म्हणाल्या, त्याचे डोळे टक्क उघडे दिसले पाहिजेत, दोन दिवस जायफळ नको’ असं म्हणा. माझ्यावर ढकला, मला सवय आहे.

जाऊबाईंबद्दल तुम्हाला आवडणार नाही ते लिहिते. त्या बरोबर करताहेत. तीन महिन्यांच्या बाळाला हे दुखणं झालं तर चमच्याचा खेळ करायला वेळ मिळत नाही, टाळू खोल जाते आणि मूल भराभर कोरडं पडतं. त्या बाळाला एक जरी उलटी-जुलाब झाला तरी घरी उपाय न करता थेट बालरोगतज्ज्ञांकडे न्यायचं. म्हणून बाळाला धरणारे हात आणि उलटी पुसणारे हात वेगळे असलेच पाहिजेत. जाऊबाईंनी फडक्याला हात लावू नये. हां, त्या वर बसून पुड्या मागवू शकतात, शूच्या वेळांचा हिशेब ठेवू शकतात, दिरांना खाली पाठवू शकतात; तेवढं हक्काने मागा. तुमची मुलं आणि तुम्ही पुढचे काही दिवस बाळाजवळ जाऊ नका. बाळाला फक्त अंगावरचं दूध, ‘प्रतिबंधक’ म्हणून ओआरएस किंवा पाणी काही नाही. आणि रोटाव्हायरसच्या लशीचे डोस झालेत ना, कार्ड काढून बघा: सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना असतात. महाराष्ट्रात २०१९ पासून सरकारी लसीकरणात ही लस तोंडावाटे फुकट मिळते. तिने रोटाची तीव्रता खूप कमी होते. नोरोव्हायरस या उलट्या-जुलाबांच्या दुसऱ्या विषाणूवर तिचा उपयोग नाही. तुमच्याकडे कोणता विषाणू आलाय ते तपासायची गरज नाही, उपचार तोच.

साफसफाईत लोक सॅनिटायझरवर फार विसंबतात. नोरोव्हायरस त्याला फारसा दाद देत नाही. साबण आणि वाहतं पाणी, बोटांच्या बेचक्यांसकट २० सेकंद: शी धुतल्यावर, डायपर बदलल्यावर, स्वयंपाकाआधी, मुलाला भरवण्याआधी. शी धुणाऱ्या आणि उलटी पुसणाऱ्या माणसाने त्या दिवसांत कणीक मळू नये. पोळ्या दुसऱ्याने कराव्यात, नाहीतर बाहेरून आणाव्यात.

उलटी झाली की आधी मुलांना त्या खोलीतून बाहेर काढा आणि खिडकी उघडा. विषाणू बारीक शिंतोड्यांतून बराच लांब उडतो. वर जुने पेपर टाका, भिजू द्या, आणि कडेकडून मधे गोळा करत पिशवीत बांधा. हातात मोजे नसतील तर प्लास्टिकची पिशवी चढवा. मग हायपोक्लोराइट, म्हणजे द्रवरूप ब्लीच. ४-५ टक्क्यांचं द्रावण बाटलीत मिळतं. एक लिटर पाण्यात २५ मिली, फरशीवर दहा मिनिटं राहू द्या, मग साध्या पाण्याने पुसा. फिनाईलच्या वासाने समाधान होतं, या विषाणूचं काही जात नाही. हायपोक्लोराइट संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. आणि ते कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत भरून मोरीत ठेवू नका. मुलांनी ते प्यायल्याच्या केस आमच्याकडे येतात. नळाच्या चाव्या, दाराच्या कड्या, फ्लशचं बटण, टीव्हीचा रिमोट आणि मोबाइल हे विसरलं जातं. मोबाइल तर आजारी मुलाच्या हातातच असतो. खराब चादरी झटकायच्या नाहीत, वेगळ्या बादलीत गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात.

भेळ सुटली, असं ह्यांना सांगा. नोरोव्हायरस पोटात गेल्यापासून साधारण १२ ते ४८ तासांत लक्षणं दाखवतो, रोटा दोनेक दिवसांत. रविवारची भेळ आणि बुधवारची उलटी हे गणित ओढूनताणून बसतं, त्यातही दीड वर्षाच्याला शुक्रवारी, म्हणजे बहिणीनंतर दोन दिवसांनी. वर्गातली इतकी मुलं एकाच आठवड्यात आजारी असताना भेळवाल्याला कशाला शोधायचं? दोष द्यायचाच तर त्या वर्गातल्या एका सामाईक टॉवेलला द्या.

जीबीएसची भीती तुमच्या भागात समजण्यासारखी आहे. २०२५ च्या सुरुवातीला सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात रुग्ण सापडले आणि आधी पोट बिघडल्याचा संबंध पुढे आला. त्यात मुख्य संशयित कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू होता. पोट बिघडलेल्या हजारो मुलांमध्ये हे क्वचितच होतं. मुलं बरी झाल्यावर पुढचे दोन-तीन आठवडे एवढंच बघा: पाय लटपटतात का, बसलेलं मूल उठताना अडखळतं का, मोठी मुलगी हातापायांना मुंग्या येतात म्हणते का, गिळायला त्रास होतो का. तसं काही दिसलं तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात. नसेल तर नणंदेला अंगठा पाठवा आणि सोडून द्या. पाणी मात्र, टँकरचं असो की नळाचं, सध्या खळखळ उकळूनच प्या; गाळणीच्या यंत्रावर एकट्यावर भरवसा नको.

शाळा: शेवटची उलटी किंवा पातळ शी झाल्यानंतर पूर्ण ४८ तास घरी. ‘कालपासून उलटी नाही, आज स्नेहसंमेलनाची प्रॅक्टिस आहे’ म्हणून पाठवलेल्या एका मुलाने सगळा वर्ग झोपतो. तुमच्या घरी तसंच आलं असणार. बरं वाटल्यावरही शीतून विषाणू दोन आठवडे किंवा जास्तही जात राहतो, तेव्हा मुलीचे हात संडासनंतर साबणाने धुतले जाताहेत ना, हे मोठ्या माणसाने उभं राहून बघायचं.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांच्या मळमळीकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होईल अशी मला धास्ती वाटते. त्यांना कालवलेलं ओआरएस वेगळ्या तांब्यात द्या, ‘मला नको, पोरांना द्या’ म्हणतील तरी. रक्तदाबाची गोळी चालू असेल, विशेषतः लघवी वाढवणारी, किंवा मधुमेहाची, तर उलट्या-जुलाब सुरू होताच त्यांच्या डॉक्टरांना फोन करून आज कोणत्या गोळ्या घ्यायच्या आणि कोणत्या थांबवायच्या ते विचारून घ्या. उठताना चक्कर आली, लघवी कमी झाली किंवा बोलणं असंबद्ध वाटलं तर मुलांइतक्याच घाईने त्यांनाही न्या. आणि दोन दिवस पेज दुसऱ्या कोणीतरी करा.